इंजिन मागे असलेला ट्रॅक्टर

अमेरिकेत सुरुवातीचे ट्रॅक्टर नांगरट करायचे, पण मका-कापसाच्या ओळींत कोळपणीला घोडे-खेचरंच लागायची. म्हणजे ट्रॅक्टरचा हप्ताही भरा आणि वैरणही घाला! 1924 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने 'फार्मऑल' आणला. उंच, पुढची चाकं जवळजवळ. चाकं ओळींमधून जायची आणि पीक पोटाखालून निघायचं. घोड्यांची गरज खऱ्या अर्थाने संपायला लागली ती इथून.

दोन-चार एकरांत भाजीपाला करणाऱ्याला मात्र तोही मोठाच. 1948 ला अ‍ॅलिस-चाल्मर्सने अलाबामातल्या गॅड्सडेनमध्ये 'मॉडेल जी' काढला. इंजिन सीटच्या मागे, पुढे नुसत्या दोन नळ्या, त्यांच्याखाली कोळपं. ओळ थेट डोळ्यांसमोर, त्यामुळे रोपाला न दुखवता अगदी जवळचं तण निघतं. (आपल्याकडे बैलामागे कोळपं धरून चालणारा गडी हेच तर बघत असतो.) 1955 ला त्याचं उत्पादन थांबलं. तरी छोटे शेतकरी आजही तो शोधून घेतात; काहींनी इंजिन काढून बॅटरीवरची मोटर बसवलीय.

याला नुसती जुन्याची हौस म्हणू नका. 'जी' पान्याने उघडतो. नव्या ट्रॅक्टरचा बिघाड शोधायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते असतं डीलरकडे. ऐन हंगामात त्याची वाट बघत बसायचं? शेवटी 2023 मध्ये कोलोरॅडो राज्याला कायदाच करावा लागला: शेतीयंत्राचे सुटे भाग, माहितीपुस्तकं, सॉफ्टवेअर मालकालाही द्या.