टिझीचा कोन

मंडळी, इथे ईस्ट टामाकीत माझे काम म्हणजे वायरलेस नेटवर्क उभारण्याआधी ते कॉम्प्युटरवर खोटे खोटे चालवून पाहणे. किती संदेश पोचले, किती वाटेत हरवले, कुठे उशीर झाला. बाबा फोनवर विचारतात, "म्हणजे भातुकलीच ना रे?" भातुकलीच! पण तिचा इतिहास ऐका.

१९३६ साली ब्रिटनची रडार केंद्रे अजून उभी राहायची होती. हेन्री टिझार्ड थांबले नाहीत. बिगिन हिल विमानतळावर त्यांनी रडार आहे असे धरूनच प्रयोग सुरू केले. आपलीच विमाने 'शत्रू' म्हणून यायची, त्यांची जागा रडारने कळवावी तशी नियंत्रकाला सांगायची आणि त्याने रेडिओवरून फायटरला दिशा द्यायची. आकडेमोड करेपर्यंत 'शत्रू' पुढे निघून जाई. मग टिझार्डनी शाळेतला समद्विभुज त्रिकोण काढला. शत्रू आणि आपण यांना जोडणारी रेघ हा पाया. शत्रूचा मार्ग पायाशी जो कोन करतो, तोच आपणही धरायचा. वेग सारखा असेल तर दोघे शिरोबिंदूवर भेटणार, आपला जास्त असेल तर आपण आधी पोचणार. नजरेने जमणारे गणित! त्याचे नाव पडले 'टिझी अँगल'.

पण आपले विमान तरी कुठे आहे? त्यासाठी 'पिपस्क्वीक' आला. विमानाचा रेडिओ दर मिनिटाला १४ सेकंद आपोआप सूर काढी, त्यावरून जमिनीवरची केंद्रे दिशा मोजत. एका मिनिटात चार वाटेकरी. आजच्या लिंक-१६ या लष्करी जाळ्यात एका सेकंदाचे १२८ वाटे करतात. तत्त्व तेच.

१९४० मध्ये आग्नेय इंग्लंडवरच्या लढाईत या जाळ्यावर विसंबून फायटर पाठवणारे कीथ पार्क आमच्या इकडचेच, जवळच्या थेम्स गावात १८९२ साली जन्मलेले. बातमी येताच थोडी थोडी विमाने लगेच पाठवायची, ही त्यांची पद्धत. ली-मॅलरींचे म्हणणे, मोठा थवा जमवूनच जा. लढाई जिंकली, तरी त्याच डिसेंबरात पार्कना हलवले आणि त्यांच्या खुर्चीत ली-मॅलरी बसले.

जानेवारी १९४१ मध्ये आपले म्हणणे सिद्ध करायला ली-मॅलरींनी ६ सप्टेंबरचा हल्ला कागदावर पुन्हा खेळवला. बिगिन हिल आणि केनलीवर बॉम्ब पडले तेव्हा तिथली विमाने अजून जमिनीवरच होती. कागदावर, नशीब.

पार्कची बदली मात्र रद्द झाली नाही.