तेजीतच डोळे उघडलेली पिढी

खास प्रतिनिधी, मुंबई

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून दलाल स्ट्रीटवर पायी जायला पाऊण तास पुरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानक सुरू झाल्यापासून हुतात्मा चौक तर तिसऱ्या स्थानकावर आला आहे. तरीही गिरगावातील असंख्य मराठी घरांनी हे अंतर पिढ्यान्‌पिढ्या कापले नव्हते. पोस्टातील बचत, बँकेतील मुदत ठेव, आयुर्विम्याची पॉलिसी आणि जमेल तसे घेतलेले सोने, असा चाळीतल्या संसाराचा ताळेबंद असे. शेअर बाजाराचा विषय निघाला की 'सट्टा' हा शब्द पाठोपाठ यायचा आणि विषय तिथेच संपायचा.

त्याच घरांतील विशी-पंचविशीतील मुलामुलींच्या फोनमध्ये आज डिमॅट खाते असते. नोकरीचा पहिला पगार जमा झाला की पाचशे-हजाराची एसआयपी सुरू होते आणि नव्या समभाग विक्रीला, म्हणजे आयपीओला, अर्ज कसा करायचा हे वडिलांना मुलगा शिकवतो. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी १० कोटींचा आणि मार्च २०२४ मध्ये १५ कोटींचा टप्पा ओलांडला. एकाच व्यक्तीची दोन-तीन खाती असू शकतात, त्यामुळे हा आकडा माणसांचा नव्हे. पण राष्ट्रीय शेअर बाजाराकडे नोंदलेल्या गुंतवणूकदारांमध्ये ३० वर्षांखालील तरुणांचे प्रमाण २०२४ पर्यंत सुमारे ४० टक्क्यांवर गेले होते, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर आहे. मराठी माणूस बाजारात येत नाही, हे वाक्य आता जुने झाले.

'पडला की घ्या'

या पिढीचा बाजाराकडे पाहण्याचा दृष्टिकोन समजून घ्यायचा तर तिने काय पाहिले, ते आधी पाहावे लागेल. २३ मार्च २०२० रोजी, करोनाच्या धास्तीने, सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी कोसळून २५,९८१ वर आला. दहा महिन्यांनी, २१ जानेवारी २०२१ रोजी, त्याने ५० हजारांना स्पर्श केला. ज्यांनी टाळेबंदीत घरी बसून पहिले खाते उघडले, त्यांना पहिल्याच वर्षात पैसा दुप्पट होताना दिसला.

दुसरा धडा ४ जून २०२४ चा. लोकसभा निवडणुकीचे निकाल अपेक्षेप्रमाणे लागत नाहीत असे दिसताच सेन्सेक्स ४,३८९ अंशांनी घसरला. घराघरांतील वडीलधाऱ्यांनी 'सांगितले होते ना' असा चेहरा केला असेल. मात्र ७ जूनला, म्हणजे तीनच दिवसांत, निर्देशांक निकालाच्या आदल्या दिवसाच्या वर होता आणि ३ जुलैला त्याने ८० हजारांची पातळी ओलांडली.

अशा अनुभवातून एकच निष्कर्ष निघतो: पडला की घ्यायचे. घसरण म्हणजे दसऱ्याचा सेल. या विचाराला उथळ म्हणण्याची घाई करू नये. डोळ्यांसमोर जे घडले त्यावरून काढलेला तो सरळ निष्कर्ष आहे, आणि वडिलांची 'हा जुगार आहे' ही समजूतही अशीच, त्यांच्या डोळ्यांसमोर घडले त्यावरून झालेली होती. फरक इतकाच की दोघांनी बाजाराची वेगवेगळी वर्षे पाहिली.

वडिलांनी काय पाहिले?

सेन्सेक्सने २ एप्रिल १९९२ रोजी ४,४६७ चे शिखर गाठले, तेव्हा गिरगावातले अनेक जण प्रथमच बाजाराकडे वळले होते. त्याच महिन्यात, २३ एप्रिलला, हर्षद मेहता प्रकरणाला वाचा फुटली आणि २८ एप्रिलला निर्देशांक एका दिवसात सुमारे पावणेतेरा टक्के खाली आला. त्या पडझडीपेक्षा पुढची नऊ वर्षे अधिक बोलकी आहेत. सप्टेंबर २००१ मध्ये सेन्सेक्स तीन हजारांच्याही खाली होता. शिखरावर घेतलेल्या माणसाने नऊ वर्षे धीर धरला आणि तरीही तो तोट्यात होता. त्याच २००१ च्या जुलैमध्ये युनिट ट्रस्टने 'यूएस-६४' या योजनेची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली. १९६४ पासून चालत आलेली ही योजना मध्यमवर्गाच्या लेखी मुदत ठेवीइतकीच भरवशाची होती. निवृत्तीचे पैसे त्यात ठेवलेल्या माणसांच्या मनात बाजाराविषयी जी अढी बसली, ती वाचून-ऐकून झालेली नव्हती.

त्यानंतरची तेजी आजच्या तेजीशी अधिक मिळतीजुळती होती. फेब्रुवारी २००६ मध्ये सेन्सेक्स दहा हजारांवर गेला आणि ऑक्टोबर २००७ अखेर वीस हजारांवर. कॉल सेंटर आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत नव्याने लागलेले तरुण तेव्हा हातात पगार घेऊन बाजारात उतरले होते, आणि 'आता पूर्वीसारखे काही होणार नाही' हे वाक्य तेव्हाही सर्रास ऐकू येत होते. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या समभाग विक्रीला सत्तरपटींच्या आसपास अर्ज आले. किरकोळ गुंतवणूकदारांना शेअर ४३० रुपयांना मिळाला, आणि ११ फेब्रुवारीला नोंदणीच्या दिवशीच तो ३७२ रुपयांवर बंद झाला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सेन्सेक्स आठ हजारांखाली जाऊन आला. जानेवारी २००८ ची पातळी नोव्हेंबर २०१० मध्ये जेमतेम गाठली गेली, पण टिकली नाही. तिच्या वर पाय रोवायला २०१३ ची अखेर उजाडली.

तीन दिवसांत सावरणारा बाजार आणि पाच-सहा वर्षे घेणारा बाजार हे दोन्ही खरेच आहेत. आजच्या पंचविशीतल्या गुंतवणूकदाराला फक्त पहिला ठाऊक आहे.

गिरगावच्या किनाऱ्यावरची पहिली तेजी

मुंबईतील पहिल्या मोठ्या तेजीची खूण तर गिरगावकर रोज पाहतात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा गुंतवायला मार्ग हवा होता, म्हणून बँका, वित्तसंस्था आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकी सर्वांत गाजलेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतच्या किनाऱ्यावर जमीन तयार करण्याची तिची योजना होती. तिचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला.

त्या व्यवहारांचा मोठा भाग वायद्याचा होता. हातात शेअर नाही, पूर्ण पैसे नाहीत. ठरावीक तारखेला ठरावीक भावाने घेण्याचा किंवा देण्याचा केवळ शब्द. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आल्याची बातमी थडकली आणि कापूस कोसळला. वायद्यांची तारीख मात्र १ जुलै १८६५ हीच राहिली. त्या दिवशी देणे भागवता न आल्याने व्यापारी एकामागून एक बुडाले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. तेजीचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद यांनीही अतोनात नुकसान सोसले. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर मात्र त्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने १८७८ मध्ये पूर्ण झाला. बॅकबे कंपनीच्या अर्धवट कामातून किनाऱ्यालगतची जी पट्टी उरली, ती पुढे रेल्वेच्या कामी आली. चर्चगेटची लोकल आजही तिथून धावते.

योगायोग असा की ज्यांचे नाव गिरगावच्या मुख्य रस्त्याला आहे, ते जगन्नाथ शंकरशेट याच जुलैच्या ३१ तारखेला निवर्तले. जी.आय.पी. रेल्वे कंपनीच्या पहिल्या भारतीय संचालकांपैकी ते एक. भागभांडवल, संचालक मंडळ, लाभांश हे सारे गिरगावला परके होते, असे म्हणता येत नाही. मधल्या काळात ते परके झाले.

एकाच फोनमध्ये दोन बाजार

हा जुना इतिहास येथे सांगण्याचे कारण आहे. १८६५ मध्ये माणसे बुडाली ती शेअर घेऊन ठेवल्यामुळे नव्हे, तारखेचा करार केल्यामुळे. आणि आजच्या तरुण गुंतवणूकदाराची सर्वांत मोठी गफलत नेमकी याच ठिकाणी होते आहे.

ज्या ॲपवर एसआयपी चालते, त्याच ॲपवर बोटाच्या एका हालचालीवर 'ऑप्शन' विकत घेता येतो. निर्देशांक अमुक तारखेपर्यंत अमुक पातळीच्या वर किंवा खाली जाईल, यावर थोडी रक्कम, म्हणजे प्रीमियम, मोजून केलेला तो करार असतो. अंदाज खरा ठरला तर रक्कम काही तासांत दुप्पट-तिप्पट होते. तारीख उलटेपर्यंत खरा ठरला नाही, तर प्रीमियम पूर्ण बुडतो. शेअर पडला तर थांबता येते. ऑप्शन पडला तर थांबायला दिवसच शिल्लक नसतात. 'पडला की घ्या' हा शेअरमध्ये शिकलेला धडा इथे सरळ उलटा पडतो, कारण सरासरी कमी करण्यासाठी ओतलेले पैसेही त्याच गुरुवारी किंवा मंगळवारी शून्य होतात.

गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या रहिवाशांना हा प्रकार ओळखीचा वाटावा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या भावांवर इथे पैसे लागत. ते भाव येणे थांबले, तेव्हा साठच्या दशकाच्या सुरुवातीला मडक्यातून चिठ्ठी काढून आकडा ठरू लागला आणि मटका जन्माला आला. कापूस कधीच कोणाच्या घरी आला नव्हता. ऑप्शनचा बाजार कायदेशीर आहे, मालाच्या भावातील जोखीम कमी करण्यासाठी त्याचा खरा उपयोगही आहे. पण तीनशे रुपये लावून संध्याकाळपर्यंत हजार करायला निघालेला मुलगा जोखीम कमी करीत नसतो.

आकडे स्पष्ट आहेत. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. ३० वर्षांखालील व्यवहारकर्त्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे नमूद केले होते. समोरच्या बाजूला नफा कमावणारे होते ते मुख्यतः परदेशी संस्था आणि दलाली पेढ्यांचे स्वतःचे विभाग, आणि त्यांचे बहुतेक व्यवहार संगणकीय आज्ञावली करीत होती. यानंतर सेबीने करारांची किमान किंमत १५ लाखांवर नेली आणि साप्ताहिक करारांची संख्या घटवली. तरीही २०२४-२५ मध्ये तोट्यात जाणाऱ्यांचे प्रमाण ९१ टक्के राहिले.

दोन लाख ही रक्कम गिरगावातल्या नोकरदार घरात लहान नसते. शिवाय इथे आणखी एक पैसा सध्या हातात येतो आहे. चाळींच्या पुनर्विकासात विकासकाकडून रहिवाशांना कॉर्पस निधी मिळतो. नव्या इमारतीतील वाढीव देखभाल खर्च त्याच्या व्याजातून भागावा, अशी त्यामागची कल्पना आहे. आजी-आजोबांच्या नावे आलेल्या या रकमेचे काय करायचे, हे ठरवण्याची जबाबदारी बहुधा घरातल्या 'शेअर बाजार कळणाऱ्या' मुलावर येते. ती रक्कम उभी करण्याची संधी दुसऱ्यांदा मिळत नाही.

सावध होणारेही आहेत

सारी पिढी ऑप्शनच्या मागे लागली आहे, असे चित्र रंगवणे अन्यायाचे होईल. २७ सप्टेंबर २०२४ च्या ८५,९७८ या शिखरावरून सेन्सेक्स फेब्रुवारी २०२५ अखेर ७३ हजारांपर्यंत घसरला. निफ्टी सलग पाच महिने घटला. १९९६ नंतर असे प्रथमच घडले होते. सावकाश, कंटाळवाणी घसरण या गुंतवणूकदारांनी तेव्हा पहिल्यांदा अनुभवली. जानेवारी २०२५ मध्ये नव्याने सुरू झालेल्या एसआयपी खात्यांपेक्षा बंद झालेली खाती अधिक होती, हे खरे. पण दरमहा जमा होणारी एकूण रक्कम २५ हजार कोटींच्या वरच राहिली. म्हणजे घाबरून निघून जाणारे होते, तसे न बोलता हप्ता भरत राहणारेही होते. मे २०२२ मध्ये आयुर्विमा महामंडळाचा शेअर पॉलिसीधारकांना सवलतीने ८८९ रुपयांना मिळाला आणि पहिल्याच दिवशी त्याखाली बंद झाला, तेव्हा घरातल्या ज्येष्ठांनी हळहळ व्यक्त केली. त्यांनीही तो अर्ज भरायला डिमॅट खाते उघडले होते.

सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे की नाही, हे सेबीच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत पाहता येते. तक्रारीसाठी तिथेच 'स्कोअर्स' ही यंत्रणा आहे. कराचा भाग मात्र अनेकांच्या ध्यानात उशिरा येतो. २३ जुलै २०२४ पासून नोंदणीकृत शेअर वर्षभरानंतर विकल्यास सव्वा लाख रुपयांवरील नफ्याला साडेबारा टक्के, आणि वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के कर लागतो. फ्युचर्स-ऑप्शन्सचा नफा-तोटा धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो, तोटा झाला असला तरीही. त्यासाठी पगारदारांचा साधा फॉर्म चालत नाही, आणि विवरणपत्र मुदतीत भरले नाही तर तो तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्कही जातो.