कल्याणच्या वाटेवरचे परके यजमान

जुन्नरजवळ शिवनेरीच्या कड्यात कोरलेल्या लेण्यांमध्ये ब्राह्मी अक्षरांची एक छोटी ओळ आहे. चिट नावाच्या यवनानं भिक्खुसंघाला भोजनमंडप दान दिला, एवढंच ती सांगते. देणाऱ्याचा हुद्दा नाही, पराक्रमाची यादी नाही. जुन्नरच्याच लेण्यांत इरिल नावाच्या दुसऱ्या यवनानं पाण्याची दोन टाकी खोदून दिल्याची नोंद आहे आणि चंद नावाच्या तिसऱ्यानं लेण्याचा दर्शनी भाग करून दिल्याची. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा एकूणच पश्चिमेकडून आलेला माणूस. हजारो मैलांवरून आलेल्या, इथल्या उन्हापावसाची सवय नसलेल्या या माणसांना सह्याद्रीच्या माथ्यावर दुसऱ्यांच्या जेवणाची आणि पाण्याची सोय करावीशी वाटली.

ते इथवर आले कसे, याचं निम्मं उत्तर वाऱ्यात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं दर्यावर्दी टिपण आज उपलब्ध आहे. लिहिणाऱ्याचं नाव मात्र हरवलं. जहाजं जुलैच्या सुमारास इजिप्त सोडत, नैऋत्य वारा पाठीवर घेत आणि पाऊस ओसरता ओसरता भारताच्या किनाऱ्याला लागत. परतीचा ईशान्य वारा सुरू होईपर्यंत मुक्काम इथेच. भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं आणि पोवळी असत. राजासाठी खास म्हणून चांदीची भांडी आणि गाणारी मुलंही येत. कल्याणचा उल्लेख मात्र कुरकुरीच्या सुरात आहे: पूर्वी हे रीतसर बंदर होतं, आता चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सातवाहन आणि पश्चिमेचे क्षत्रप यांच्या झगड्यात कल्याणचा व्यापार असा कोंडला गेला होता.

तरी कल्याणहून घाटावर जाणारी वाट मोडली नाही. आजच्या मुरबाडवरून ती वैशाखऱ्यापर्यंत सपाटीनं जाते आणि मग नाणेघाटाच्या चिंचोळ्या नळीतून थेट जुन्नरच्या पठारावर चढते. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीचं चैत्यगृह ज्यानं कोरून घेतलं तो सुलसदत्त कल्याणचाच.

नाणेघाटाच्या तोंडाशी डावी-उजवीकडे भिंतभर लेख असलेली मोठी गुहा आहे. सातवाहन राणी नागणिकेच्या या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री आहे: गाई, घोडे, हत्ती, चांदीची भांडी, हजारो कार्षापण नाणी. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींचे पुतळे होते. आता वरची नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. इतिहासाची पुस्तकं साहजिकच या लेखाभोवती फिरतात. चढून आलेल्या माणसाला मात्र आधी दिसतो तो भिंतीलगतचा दगडी कट्टा. पाठीवरचं ओझं उतरवून टेकायला इतकी सोयीची जागा पूर्ण चढावर दुसरी नाही.

आणि बाहेर पाणी. घाटात खडकात खोदलेली टाकी आहेत, ज्यांना त्या काळचे लेख ‘पोढी’ म्हणतात. एक टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासानं दिलं. दुसरं दामघोष नावाच्या गृहपतीनं, वासिष्ठीपुत्र सातकर्णी राजाच्या तेराव्या वर्षी, हेमंत ऋतूत. काम साधं वाटलं तरी त्यामागे डोकं आहे. टाक्याचं तोंड लहान ठेवून आत खडक पोखरत न्यायचा, म्हणजे ऊन कमी लागतं आणि पाणी उडून जात नाही. चरांतून पावसाचं पाणी आत वळवायचं. चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने कोरडाठाक कातळ, अशा मुलखात वाटसरूला द्यायची याहून मोलाची वस्तू नव्हती. भूमध्य समुद्राकाठच्या माणसाला पाऊस हिवाळ्यात पडताना माहीत. इथे तो उन्हाळ्याच्या पाठीवर कोसळतो आणि मग वैशाखापर्यंत तोंड दाखवत नाही. इरिलनं दोन टाकी दिली, तेव्हा हे गणित त्याला चांगलं समजलेलं होतं.

भोजनमंडपामागेही असंच गणित होतं. भिक्खूंनी माध्यान्हीच्या आत जेवून घ्यायचं, अन्न दुसऱ्या दिवसासाठी साठवायचं नाही, पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचं, हे संघाचे नियम. वर्षावासात एकेका डोंगरावर बरीच माणसं जमत आणि सगळ्यांची जेवणाची वेळ एकच. बाहेर पाऊस झोडपत असताना पंगतीला छप्पर हवं, ही गरज चिटनं हेरली. तो स्वतः बौद्ध झाला होता की व्यापारातल्या ओळखी सांभाळत होता, हे लेखावरून कळत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असायलाही हरकत नाही, कारण घाटवाटांवरची लेणी आणि व्यापारी तांडे एकमेकांच्या आधारानंच वाढले.

हे यवन इथल्या समाजात कितपत मिसळले, यावर अभ्यासकांत वाद आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे खांब देणाऱ्या धेनुकाकटच्या यवनांची नावं सिंहध्वज आणि धर्म अशी अस्सल देशी आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यात उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेला योनक, म्हणजे यवनच, इंद्राग्निदत्त भेटतो. बापाचं नाव धर्मदेव, मुलाचं धर्मरक्षित. त्यानंही लेण्याबरोबर टाकी दिलीच.

यजमानपणाचा सगळ्यात मोठा पसारा मात्र एका शकानं मांडला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात हा मूळच्या मध्य आशियाई टोळ्यांतला. पांडवलेण्यातल्या लेखात त्यानं आपली दानं मोजून सांगितली आहेत. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे चौसोपी धर्मशाळा. विहिरी, तळी, बागा. दमण, तापी, पार, डहाणूकडच्या नद्यांवर फुकट नावा आणि दोन्ही काठांना बसायच्या जागा व पाणपोया. एके ठिकाणी नारळाची 8,000 झाडंही दान दिली. आपल्या लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, 2,000 कार्षापण दरमहा एक टक्का व्याजानं ठेवले. मुद्दल कधी काढायचं नाही. वर्षाचं व्याज 240 होतं आणि वर्षावासातल्या 20 भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण बरोबर त्यातून भागतात. आणखी 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्यानं, किरकोळ खर्चासाठी. पाहुण्यांची सोय आपल्या माघारीही चालू राहावी, याचा इतका चोख हिशेब आजच्या विश्वस्त संस्थांच्या दप्तरातही क्वचितच सापडेल. नहपानाचा अमात्य अयम यानं जुन्नरला, लेखातल्या गणनेच्या 46 व्या वर्षी, जे दान दिलं, तेही एक टाकं आणि एक मंडपच.

राज्य कमावलेल्या परक्यांना लोकांच्या मनात जागा मिळवायची होती, हे उघड आहे. तलवारीनं जी जागा मिळाली नसती, ती नदीकाठच्या नावेनं आणि पाणपोईनं मिळत होती. चिट-इरिल यांच्यासारख्यांकडे तलवारही नव्हती. वाटेवरच्या गावांची, संघाची आणि श्रेणींची मर्जी एवढंच त्यांचं भांडवल.

पुढे सतराशे वर्षांनी आलेल्या इंग्रजांचा पाहुणचार निराळा. 1828 साली विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं नाणेघाटाचा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्यावर मोलाचं काम केलं. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला आणि तिथे बंगले उठू लागले. उकाड्यानं हैराण झालेला साहेब तिथे साहेबालाच जेवायला बोलवी. स्वयंपाकाला, पाणी भरायला, पालखी उचलायला माणसं खालच्या गावांतली. पंगतीत त्यांचं पान नसे. माथेराननं हवापालट दिली, पण वाटसरूसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या उषवदाताची जात इथे दिसत नाही.

वाटेचा कणा मोडला तो आगगाडीनं. 1863 मध्ये बोरघाट आणि 1865 मध्ये थळघाट रुळांनी ओलांडला गेला. शहापूर तालुक्यातून आसनगाव, खर्डी, कसारा अशी गाडी धावू लागली आणि मीठ-तांदूळ वर नेणाऱ्या, गहू-डाळी खाली आणणाऱ्या बैलांच्या तांड्यांना नाणेघाटात काम उरलं नाही.

घाटावरची माणसं कोकणात उतरायची मात्र थांबली नाहीत. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा आहे. पौष पौर्णिमेला तिथे म्हसोबाची जत्रा भरते आणि गुरांच्या बाजारासाठी ती लांबवर प्रसिद्ध आहे. खोंड, बैल, घोंगड्या घेऊन आलेले व्यापारी माळावर पालं ठोकतात, तीन दगडांच्या चुली मांडतात आणि दावणीशेजारीच झोपतात. गावात घरोघरी लेकीजावई, सोयरेधायरे उतरलेले असतात. सौदा पाहायला आलेल्या अनोळखी शेतकऱ्याला पालातला व्यापारी आधी चहा पुढे करतो, बैलाचे दात नंतर दाखवतो. चार दिवसांपुरता का होईना, बाहेरून आलेलाच इथे यजमान असतो.

आता मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांत बाहेरून येणारा वर्ग बदलला आहे. मुंबई-ठाण्याची माणसं जमिनी घेऊन फार्महाऊस बांधतात, रिसॉर्ट चालवतात. शनिवार-रविवार गाड्या भरून पाहुणे येतात. शहापूर तालुक्यातल्या तानसा, मोडकसागर आणि भातसा धरणांचं पाणी त्याच मुंबईला जातं आणि एप्रिल-मे उजाडला की आसपासच्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. नवा बंगला उभा राहिला की शेजारचा गावकरी रंगाबद्दल किंवा पोहण्याच्या तलावाबद्दल विचारत नाही. बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, आणि उन्हाळ्यात आमच्या हंड्याला त्यातलं मिळेल का, हे त्याला हवं असतं.