गळ्यावरचा डाग आणि वासाच्या बाटलीचा कागद

दिवाळी दोन महिन्यांवर आली की गटागटांत साबणाचे साचे बाहेर निघतात. बेस येतो, रंग येतो आणि शेवटी येते वासाची बाटली. मोगरा, केवडा, चंदन. झाकण उघडलं की जी ती बाटली नाकाशी नेते, वास आवडला की झालं, कामाला सुरुवात. आज या बाटलीचीच जुनी गोष्ट सांगते.

ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायची पद्धत आपल्याकडे होती. ते कोलन म्हणजे जर्मनीतलं, राइन नदीकाठचं एक शहर. तिथे फारिना घराण्याची सुगंधाची पेढी १७०९ साली सुरू झाली आणि त्यांचं सुगंधी पाणी जगभर गेलं. त्यात एक मुख्य तेल असे बर्गमोटचं. बर्गमोट हे आपल्या ईडलिंबाच्या गोतातलं फळ, दक्षिण इटलीत पिकणारं. तेल निघतं सालीतून. म्हणजे अगदी नैसर्गिक बरं का, कारखान्यातलं काही नाही.

१९१६ साली फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की हे सुगंधी पाणी लावून उन्हात गेलेल्या माणसांच्या कातडीवर काळपट डाग उठतात. पुढे १९२५ मध्ये रोझेंथाल यांनी अशा डागांना लोलकावरून नाव दिलं. पाणी गळ्यावरून ओघळत खाली यावं, तसाच लांबट डाग. पाहणाऱ्याला वाटावं, साखळीत लोलकच लटकतोय. बाई बिचारी नटायला म्हणून लावायची आणि डाग महिनोन्‌महिने मिरवायची.

नंतर गुन्हेगार सापडला. बर्गमोटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचा पदार्थ असतो. तो नुसता कातडीवर असेल तर गप्प असतो, ऊन पडलं की जागा होतो. तो ज्या कुळातला, त्या कुळाचं नाव सोरालेन, आणि हे नाव आलंय आपल्या बावचीच्या शास्त्रीय नावावरून. कोडावर बावची लावून उन्हात बसवायचा उपाय तुमच्यातल्या जुन्या बायकांनी ऐकला असेल. तिथे रंग परत यावा म्हणून ऊन, इथे तेच ऊन नको तिथे रंग चढवतं. म्हणून ‘आमचं सगळं नॅचरल आहे, त्याला काय होतंय’ असं कुणी म्हणालं की मला हे डाग आठवतात.

कारखान्यातल्या वासांची गोष्ट तर आणखी विचित्र. १८८८ साली आल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटक पदार्थांवर काम करत होता. त्यातून निघालं काय, तर कस्तुरीसारखा वास! हरणाच्या कस्तुरीची किंमत कुणाला परवडणार? तेव्हा ही स्वस्त कस्तुरी धडाक्यात खपली. तिच्या भावंडांपैकी एक मस्क अँब्रेट. कस्तुरी भेंडीच्या बियांसारखा वास, म्हणून हे नाव. कित्येक वर्षं ते साबण-अत्तरांत घातलं गेलं. मग उंदरांवर तपासणी झाली तेव्हा त्यांचे मागचे पाय लुळे पडलेले दिसले, आणि दाढीनंतर सुगंधी पाणी लावणाऱ्या पुरुषांना उन्हाने चट्टे उठू लागले. शेवटी युरोपने त्यावर बंदी घातली. वास मात्र पहिल्या दिवशी होता तसाच छान होता. नाकाला यातलं काहीही कळत नाही, अडचण तीच आहे.

या अनुभवांतून तपासणीची व्यवस्था उभी राहिली. अमेरिकेत १९६६ मध्ये सुगंधी पदार्थ तपासणारी संस्था निघाली. १९७३ मध्ये सुगंध बनवणाऱ्यांची जागतिक संघटना झाली, तिला इफ्रा म्हणतात. ती ठरवते कुठला पदार्थ कशात किती घालायचा. बर्गमोटचंच घ्या: ज्यातून बर्गाप्टेन काढलेलं नाही असं तेल, अंगावर राहणाऱ्या आणि ऊन लागणाऱ्या वस्तूत १ किलोला ४ ग्रॅमच्या वर नको.

आता आपल्या गटाकडे वळू. बाटली घेताना दुकानदाराकडे इफ्राचं प्रमाणपत्र मागा. त्यावर वस्तूंचे गट आकड्यांनी दिलेले असतात. ओठांना लावायच्या वस्तू १ मध्ये, अंगाचं क्रीम आणि तेल ५ मध्ये, धुऊन टाकायचा साबण ९ मध्ये, मेणबत्ती १२ मध्ये. ९ समोर २.१ टक्के लिहिलं असेल, तर १ किलो साबणात २१ ग्रॅमपेक्षा जास्त वास घालायचा नाही. झाकणाने मोजू नका, काट्यावर मोजा. मेणबत्तीला चाललेली बाटली क्रीमला चालेलच असं नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. उरलेली बाटली वाया जाऊ नये म्हणून आपण ती कशातही ओततो.

कागदावरची तारीखही बघा. लिलियल नावाचा फुलांच्या वासाचा पदार्थ वर्षानुवर्षं चालत होता. १ मार्च २०२२ पासून युरोपात तो सौंदर्यप्रसाधनांत बंद झाला. म्हणजे जुना कागद आज खरा असेलच असं नाही.

दुकानदार म्हणेल, ‘ताई, इतकी वर्षं विकतोय, कुणाची तक्रार नाही.’ त्याला म्हणा, पाठवा कागद, मग घेऊ. आणि विकण्यासाठी साबण किंवा क्रीम बनवत असाल, तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तो वेगळा. घरी बनवलं म्हणून सूट नाही.

कागद मिळाला की फाइलला लावा. बाटलीवरचा बॅच नंबर वहीत उतरवा आणि त्यासमोर लिहा, या बाटलीतले साबण कोणत्या तारखेला केले, किती केले, कुठे दिले. भाऊबिजेनंतर कुणाच्या हाताला खाज सुटल्याचा फोन आला, तर उरलेल्या वड्या कुणाकुणाकडून परत मागवायच्या ते त्या वहीतच सापडेल.