ओढ्याकाठची तिसरी रात्र

दरवर्षी थंडी पडू लागली की शाळेतील स्काउटची मुले घेऊन मी सह्याद्रीच्या कुशीत दोन रात्रींच्या मुक्कामाला जातो. तंबू ओढ्याच्या जवळ, पण पात्रापासून उंचावर असावेत. चूल वाऱ्याच्या आडोशाला मांडावी. निघताना राखेवर पाणी ओतून तिला हात लावून पाहावा, असे आमचे साधे नियम आहेत. रात्री जेवणे उरकली की मुले शेकोटीभोवती बसतात आणि गोष्टीचा आग्रह धरतात. भुतांच्या गोष्टी मी सांगत नाही, इतिहासातल्या सांगतो. अशीच सांगितलेली एक गोष्ट माझ्यावरच उलटली. ती आज वाचकांपुढे ठेवतो.

गोष्ट अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा नावाची पर्वतरांग आहे आणि तिच्या पोटात योसेमिटी नावाचे खोरे. दोन्ही अंगांना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे, तळाशी मर्सेड नदी आणि तिला येऊन मिळणारे ओढे! १८६८ साली जॉन म्यूर नावाचा तीस वर्षांचा तरुण येथे येऊन पोचला. जन्माने स्कॉटलंडचा, अकराव्या वर्षी बापाबरोबर अमेरिकेत आलेला. पुढच्या उन्हाळ्यात तो मेंढ्यांच्या कळपामागून डोंगरात गेला, मग लाकूड कापायच्या गिरणीत राबला. आणि या डोंगराने त्याला जे वेड लावले ते जन्मभर सुटले नाही.

खोऱ्याची व्यवस्था मात्र मोठी विचित्र होती. लिंकनने १८६४ साली खोरे आणि प्रचंड सिकोया वृक्षांची मॅरिपोसा राई कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली होती. पुढे १८८९ मध्ये म्यूरने एका मासिकाच्या संपादकाला, रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन यांना, वरच्या टुओलमी कुरणात मुक्कामाला नेले. तेथल्या शेकोटीपाशी राष्ट्रीय उद्यानाचा बेत ठरला आणि १८९० साली तसा कायदाही झाला. पण खोरे आणि राई राज्याकडेच राहिली. म्हणजे माजघर एकाचे आणि भोवतालची परसदारे दुसऱ्याची! माजघरात तर गुरे चरत होती, कुंपणे घातली जात होती, गवताची शेती चालली होती.

१९०३ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट दौऱ्यावर आले. राजकारण बाजूला ठेवून चार दिवस तुमच्याबरोबर रानात काढायचे आहेत, असे त्यांनी म्यूरला आधीच कळवले होते. खोऱ्यातील कारभाऱ्यांनी मेजवानीचा थाट मांडला होता. पाहुणा तिकडे फिरकलाच नाही! पहिली रात्र मॅरिपोसा राईत, एका महावृक्षाच्या पायथ्याशी काढली. पाखरांचे गाणे ऐकून रूझवेल्ट हरखले. म्यूरचे मात्र पाखरांकडे फारसे लक्ष नव्हते, त्याचा जीव झाडांत आणि कड्यांत, याचे त्यांना पुढेही नवल वाटत राहिले. दुसरी रात्र कड्याच्या माथ्यावर. रात्रीतून बर्फ पडले आणि पांघरुणांवर पांढरा थर साचला. राष्ट्राध्यक्षांना त्याचा त्रास न होता उलट आनंदच झाला. तिसरी रात्र खाली खोऱ्यात, ब्रायडलव्हेल धबधब्याचा ओढा नदीला मिळतो त्याच्या जवळच्या कुरणात.

म्यूरचे मागणे एवढेच होते की माजघरही राष्ट्राच्या ताब्यात द्या. १९०६ साली ते मान्य झाले. अर्ज-विनंत्यांच्या भाराने जे हलत नव्हते, ते हलवण्यात जमिनीवर काढलेल्या तीन रात्रींचा वाटा मोठा होता.

येथे मी गोष्ट संपवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, त्या दरीत आधी कोणच राहत नव्हतं व्हय?”

“का रे?” मी विचारले.

“आमच्या पणजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली हाय. आता तिथं काठाला लोक तंबू ठोकून राहत्यात. म्हणत्यात, किती शांत जागा हाय! गाव होतं, ते त्यांना ठावं नसतं.”

शेकोटीत लाकूड सरकवण्याचे निमित्त करून मी खाली मान घातली. मला उत्तर येत नव्हते. घरी परतल्यावर पुस्तके उघडली, आणि जे वाचले ते त्याला पुढच्या शिबिरात सांगितले.

खोऱ्याचे मूळ नाव अहवाहनी. तेथे त्याच नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ओकची फळे दळून त्यांची भाकर होई. झुडपे माजू नयेत म्हणून ते ठरावीक काळी गवत पेटवीत; ज्या मोकळ्या कुरणांवर गोरे पाहुणे लुब्ध झाले, ती बऱ्याच अंशी या लोकांच्या हातची होती. सोन्याच्या शोधात गोरे लोक लोटले आणि मार्च १८५१ मध्ये मॅरिपोसा बटालियन नावाची पलटण खोऱ्यात शिरली. वस्त्या आणि साठवलेले धान्य जाळण्यात आले, मुखिया टेनाया याचा एक मुलगा मारला गेला. वरच्या एका सरोवराला पलटणीने टेनायाचेच नाव दिले. या तळ्याला आमचे नाव आहेच, असे त्याने त्यांना सुनावले. नाव मात्र त्यांनी दिलेलेच राहिले. काही कुटुंबे मागाहून परतली, मजुरी करून राहिली. त्यांची शेवटची वस्तीसुद्धा १९६९ साली उद्यानाच्या कारभाऱ्यांनी मोडून टाकली.

म्यूरच्या लिखाणात मूळ रहिवाशांविषयी काही ठिकाणी तुच्छतेचे बोल आहेत. ज्या सिएरा क्लबचा तो पहिला अध्यक्ष, त्या संस्थेनेच २०२० साली ही गोष्ट उघडपणे कबूल केली. आणि दैवाचा खेळ असा, की त्यालाही एक दरी गमवावी लागली. त्याच उद्यानातील हेच हेची खोऱ्यात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाण्यासाठी धरण बांधण्यास १९१३ साली कायद्याने मंजुरी मिळाली. म्यूर शेवटपर्यंत झगडला होता. पुढच्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी तो वारला. १९२३ साली धरण उभे राहिले आणि दरी बुडाली.

हे ऐकून तो मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे म्यूरलाबी कळलं असंल, दरी जाती तेव्हा काय होतं ते.”

म्यूरला ते दुसऱ्याच्या दरीविषयी कळले की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्याने वाचवलेले रान आज उभे आहे, हे त्याचे थोर ऋण. ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण रान वाचवणाऱ्यालाही रानातली माणसे दिसत नाहीत, हे मला एका तेरा वर्षांच्या पोराने शिकवले.

आता आमच्या शिबिराच्या नियमांत आणखी एकाची भर पडली आहे. तंबूची पहिली मेख ठोकण्यापूर्वी मुलांनी जवळच्या वस्तीत जायचे आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचे, “आजोबा, या ओढ्याला काय म्हणतात? इथं आधी कोण राहत होतं?” उत्तर आले की मगच चूल पेटते.