शिशापासून नळापर्यंत : लंडनच्या प्लंबर मंडळाची वाटचाल

लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात. ‘प्लंबर’ हा शब्द तिथून आला आणि मध्ययुगीन लंडनचा प्लंबर होताही शिशाचाच कारागीर. चर्चच्या छपरांवरचे पत्रे, पन्हळी, पाण्याच्या टाक्या ही त्याची कामे. नळ हा त्यांतला एक भाग. तेराव्या शतकात टायबर्नचे पाणी चीपसाइडच्या हौदापर्यंत आले, ते शिशाच्याच नळांतून.

या कारागिरांच्या मंडळाने 1365 मध्ये नगरप्रशासनाकडून धंद्याची नियमावली मंजूर करून घेतली. उमेदवारी किमान 7 वर्षांची असावी, कामाची पारख जाणत्यांनी करावी, छपरावरून उचकटलेले, मालकीचा पुरावा नसलेले शिसे विकत घेऊ नये. शेवटच्या कलमावरून त्या काळच्या चोरांची आवड कळते! 1371 मध्ये ईस्टचीपच्या रहिवाशांनी शिशाच्या भट्टीच्या धुराविरुद्ध तक्रार केली. भट्टी बंद झाली नाही, धुराडे मात्र उंच करावे लागले.

राजा पहिला जेम्स याने 1611 मध्ये मंडळाला सनद दिली. 1666 च्या महाआगीत सभागृह जळाले. ते पुन्हा उभारले गेले. पुढे कॅनन स्ट्रीट रेल्वे स्थानकासाठी 1863 मध्ये ती जागाही सक्तीने घेण्यात आली. तेव्हापासून मंडळाला स्वतःचे सभागृह नाही.

छप्पर गेले, तरी याच काळात मंडळाला मोठे काम सापडले. 1871 मध्ये युवराज एडवर्ड विषमज्वराने मरणाच्या दारी पोहोचला, तेव्हा बोट सांडपाण्याच्या सदोष व्यवस्थेकडे दाखवले गेले. घरातल्या नळकामाचा आरोग्याशी असलेला संबंध लोकांना पटू लागला. 1886 मध्ये मंडळाने पात्र प्लंबरांची नोंदणी सुरू केली. तिला कायद्याचे बळ मिळावे यासाठी संसदेत झालेले प्रयत्न फसले, तरी नोंदणी स्वेच्छेने चालू राहिली.

विसाव्या शतकात तांबे आणि प्लास्टिक आले. विषारी ठरलेले शिसे पिण्याच्या पाण्याच्या नव्या नळांतून हद्दपार झाले. शिशाला हात न लावणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कारागिरालाही आज प्लंबरच म्हणतात.

सनदेच्या चारशेव्या वर्षी, 2011 मध्ये, कॅनन स्ट्रीट स्थानकात प्लंबरच्या उमेदवाराचा पुतळा बसला. ससेक्समधील सिंगलटन येथील खुल्या संग्रहालयात मंडळाने जुनी शिसेकामाची कार्यशाळा आणि अवजारे जपली आहेत. लंडनच्या व्यवसाय मंडळांच्या मानक्रमात आज ते 31 वे आहे.