विंडसरची रायफल



संग्रहालयात तलवार पाहिली की आपण प्रथम तिच्या धन्याचे नाव शोधतो. आज ज्या बंदुकीविषयी आम्ही बोलणार आहोत तिला असा नामांकित धनी नाही. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात विंडसर नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८४६ साली बांधलेल्या बंदुकांच्या कारखान्यात आता यंत्रविद्येचे संग्रहालय आहे. त्याची स्थापना १९६६ ची. याच इमारतीत घडलेली १८४१ च्या नमुन्याची रायफल तेथे मांडलेली आहे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पितळी साज, आतून आटे पाडलेली ०.५४ इंच व्यासाची नळी. बार ठासून भरायचा आणि टोपीवर घोडा आपटून उडवायचा. तिचा विशेष एवढाच की, तिच्याबरोबर घडलेल्या हजारो रायफलींसारखी ती हुबेहूब आहे.

यात नवल ते काय, असे आपण म्हणाल. पण त्या काळचा बंदूक घडविणारा कारागीर एकेक भाग कानशीने घासून शेजारच्या भागात बसवीत असे. एका बंदुकीचा घोडा दुसरीस लागत नसे. रणांगणावर एक कमान मोडली की सगळी बंदूक निकामी, आणि कारागीर शेकडो मैल मागे! सर्व भाग परस्परांत बदलता यावेत ही कल्पना म्हणूनच सेनापतींना प्रिय होती. १७८५ साली पॅरिसमध्ये ब्लाँ नावाच्या कारागिराकडे जेफर्सनने सुट्या भागांतून चाप-घोड्याची यंत्रणा स्वतःच्या हाताने जुळवून पाहिली होती.

शालेय पुस्तकांतून या शोधाचे श्रेय सरकी काढण्याच्या यंत्राच्या जनकाला, म्हणजे इलाय व्हिटनीला, दीर्घकाळ दिले गेले. १८०१ साली त्याने वॉशिंग्टनमध्ये सुटे भाग जुळवून दाखविले, ही गोष्ट सर्वतोमुखी झाली. परंतु विसाव्या शतकात संशोधकांनी त्याच्या बंदुका उघडून पाहिल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकींत बसेनात. खरे काम पुढे हार्पर्स फेरी आणि स्प्रिंगफील्ड येथील सरकारी कारखान्यांत, पुष्कळ नावानिशी न उरलेल्या हातांनी झाले. ते खर्चाचेही होते. खाजगी व्यापाऱ्याला न पेलणारा हा खर्च सरकारी तिजोरीने सोसला.

विंडसरचा रिचर्ड लॉरेन्स हा त्या परंपरेतला. तेथील तुरुंगात बंदुकांचे एक काम चाले, तेथे त्याने उमेदवारी केली. १८४५ साली त्याने केंडॉल आणि रॉबिन्स या भागीदारांसह सरकारकडून दहा हजार रायफलींचा मक्ता घेतला. दर नगास ११ डॉलर ९० सेंट, मुदत पाच वर्षे. आणि मक्ता हाती आला तेव्हा कारखान्याची इमारतही उभी नव्हती! तरी मुदतीच्या दीड वर्ष आधी माल पुरा झाला. यंत्राने भाग कापायचा, मग पोलादी मापात बसेपर्यंत हाताने घासायचा, अशी रीत होती. म्हणजे कानस गेली नव्हती. ती आता शेजारच्या भागाचे ऐकेनाशी होऊन मापाचे ऐकू लागली होती. कारागिराच्या नजरेचा निर्णय मापाकडे गेला, ही आमच्या मते या रायफलीतली सर्वांत मोठी घडामोड होय.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात विंडसरच्या सहा रायफली गेल्या आणि पदक मिळवून आल्या. पुढे क्रिमियाचे युद्ध पेटले. इंग्लंडला बंदुका हव्या होत्या, आणि बर्मिंगहॅमचे कारागीर आपल्या गतीनेच काम करीत. १८५४ साली इंग्रज अधिकाऱ्यांचे मंडळ अमेरिकेत आले. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात त्यांनी १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतील प्रत्येकी एक अशा दहा बंदुका निवडल्या, त्या सोडवून भाग मिसळून टाकले, आणि कामगाराला हाताला येतील ते भाग देऊन त्या पुन्हा जुळवायला लावल्या. त्याने केवळ पेचकसाने सर्व बंदुका उभ्या केल्या. मंडळाने शंभराहून अधिक यंत्रे विंडसरला मागविली आणि ती लंडनजवळच्या एनफिल्ड येथे बसविली.

एनफिल्ड म्हणताच आपल्याला १८५७ ची काडतुसे आठवणार. परंतु या यंत्रांवरील रायफली मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या त्या १८५८ च्या सुमारास. बराकपूरच्या काडतुसांचा दोष विंडसरच्या माथी मारता येणार नाही. (आपल्या रस्त्यांवरून धडधडत जाणाऱ्या मोटारसायकलीचे नावही याच बंदूक-कारखान्यावरून आले, हे जाता जाता.)

विंडसरकरांनी मात्र यंत्रे विकली, तेवढ्यावर भागविले नाही. इंग्लंडसाठी पंचवीस हजार एनफिल्ड रायफली करून देण्याचा मक्ताही त्यांनी घेतला, आणि पुढे याहून कितीतरी मोठा मक्ता मिळेल या भरवशावर कर्ज काढून कारखाना वाढविला. माल वेळेवर निघेना. १८५६ साली युद्ध थांबले, मोठा मक्ता आलाच नाही, आणि निम्म्याही रायफली पुऱ्या होण्यापूर्वी पेढी बुडाली. लॉरेन्स हार्टफर्डला दुसऱ्या बंदूक-कारखान्यात गेला. एनफिल्डमध्ये त्याच्या यंत्रांवर इंग्रज कामगार रायफली घडवू लागले होते.